बकऱ्याचा होकार

विजयसिंह चौगलेला ओहळवाडीत सगळे 'परफेसर' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेवर वसलेल्या त्या गावातून शिकून कोल्हापूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा तो एकटाच. थोरला भाऊ गणपतराव शेती बघायचा. धाकट्याला शिकवलंही त्यानंच, डेअरीला दूध घालून आणि स्वतः सातवीत शाळा सोडून.

विजयसिंहच्या पीएच.डी.चा विषय गावाला कधीच कळला नाही. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी काही विचारवंत मंडळी होऊन गेली. त्यांना अतींद्रियवादी म्हणतात. देवळातल्या देवापेक्षा रानातला देव खरा, असं त्यांचं म्हणणं. झाड, पाखरू, ओढा आणि माणूस या सगळ्यांतून एकच परमात्मा वाहतो. माणूस मन रिकामं करून रानात उभा राहिला की निसर्ग त्याच्याशी बोलतो. ही मंडळी आपल्याकडचे जुने ग्रंथ भाषांतरातून वाचत. त्यांचं हे म्हणणं आणि जीव-शिव एक मानणारं आपलं अद्वैत यांचं नातं विजयसिंहनं दाखवलं, आणि नेटकं दाखवलं. एक अडचण त्यालाही दिसत होती. अद्वैताच्या लेखी दिसणारं जग शेवटी फसवं. त्या अमेरिकन मंडळींच्या लेखी मात्र झाडाचं पान न् पान खरं बोलणारं. विजयसिंहनं दोन्हीतलं सोयीचं उचललं. एकपणा आपल्याकडून घेतला, बोलणं त्यांच्याकडून.

तोंडी परीक्षेला धारवाडहून एक म्हातारे परीक्षक आले होते. प्रबंध मिटून बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "चौगले, एवढं रान लिहिलंत. यात कुणी कुणाला खात का नाही?" सगळे हसले. विजयसिंहही हसला, आणि वरवरचे भेद वरवरचेच असतात, असं काहीतरी सांगून मोकळा झाला.

१९९९ सालच्या थंडीत, एका रविवारी, तो गावी आला होता. ऊसतोड चालू होती. डोंगराच्या पायथ्याला चौगल्यांचा शेवटचा फड, आणि त्या फडात कळपातून फुटलेला एकांडा गवा शिरला होता. गणपतराव बांधावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवत होता. विजयसिंहनं त्याला डबा थांबवायला सांगितलं. जनावर भ्यालंय, गप्प राहिलो तर आपल्या वाटेनं जाईल, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हती. जंगल खात्याची माणसंही तेच सांगत. गणपतरावानं डबा थांबवला. गवा उसातून बाहेर येऊन उघड्या रानात थांबला. काळाभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, नाकातून वाफ. एवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण विजयसिंहला त्या डोळ्यांत काहीतरी दिसलं, का दिसावंसं वाटलं, कोण जाणे. हात मोकळे सोडून तो सरळ गव्याच्या दिशेनं चालू लागला.

गणपतरावानं हाक मारली नाही. तो धावला. धाकट्याला खांद्याला धरून त्यानं मागं फेकलं, आणि तेवढ्यात गव्यानं मान खाली घातली. शिंग उजव्या काखेत शिरलं आणि खांद्यामागून सदरा फाडून बाहेर आलं. गव्यानं मान वर केली तसा गणपतरावही वर गेला, शिंगाला अडकलेला, एखाद्या पोत्यासारखा. गव्यानं त्याला बांधापर्यंत नेलं आणि बांधावर आपटलं. पुन्हा आपटलं. बरगड्या मोडल्याचा आवाज विजयसिंहनं पडल्या जागेवरून ऐकला. मग जनावरानं झटका देऊन त्याला खाली टाकलं, एकदा हुंगलं, आणि रमतगमत डोंगराकडं निघून गेलं. विजयसिंहच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

जीपमध्ये गणपतरावाचं डोकं बायकोच्या, शालूबाईच्या, मांडीवर होतं. काखेतल्या भोकात विजयसिंहनं धोतर कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि रक्त त्याच्या बोटांतून वर येत होतं. गावची देवी जुगाई. गावावरच्या राईत तिचं ठाणं. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. जीप राईखालून जाताना शालूबाईनं पदर पसरला.

"जुगाई, माझं कुंकू माघारी दे. तुला तोंडकाळं बकरं देतो, ह्या माझ्या दिराच्या हातनं."

त्या गावचा रिवाज असा, की जिवाच्या नवसाचं बकरं ज्याचा जीव वाचला त्यानंच तोडायचं. त्याचा हात चालत नसेल तर सख्ख्या भावानं. उजवा हात आता कामाचा राहणार नाही, हे शालूबाईनं कोल्हापूर यायच्या आधीच ओळखलं होतं. नवस बोलून झाल्यावर तिनं दिराकडं बघितलं. विजयसिंह गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे व्हय.

गणपतराव वाचला. हात मात्र वाळत गेला आणि खांद्यापासून लोंबू लागला. चैत्रातली पहिली जत्रा विजयसिंहनं परीक्षेच्या कामाचं निमित्त सांगून टाळली. गव्याच्या त्या सकाळपासून त्यानं मटण सोडलं होतं. शहरात बायकोला आणि सहकाऱ्यांना त्यानं याचं कारण मोठ्या तात्त्विक भाषेत सांगितलं, पण खरी गोष्ट एवढीच, की ताटात रस्सा आला की त्याच्या बोटांना ओलं धोतर आठवे.

दुसऱ्या वर्षी, जत्रेच्या तोंडावर, जखम पुन्हा वाहू लागली. रोज ताप. काखेतून पू आणि हाडाचे बारीक तुकडे येत. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: हाड सडलंय, हात खांद्यापासून काढायला हवा, नाहीतर विष रक्तात उतरेल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. गणपतरावानं ऐकून घेतलं आणि घरी येऊन खाटेवर पडला. नवस फिटल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही, म्हणाला. देवीचं देणं डोक्यावर ठेवून कापायला गेलेला माणूस माघारी येत नाही, हे त्याला जेवढं पक्कं माहीत होतं तेवढं डॉक्टरला त्याचं शास्त्रही माहीत नसेल.

विजयसिंह धावत गावी आला. बकरं दुसऱ्या कुणाच्या हातून द्या, नाहीतर नारळ द्या, चांदीचा हात करून वाहा, असं त्यानं सगळं सांगून बघितलं. शालूबाई उठून बकऱ्याला पाला घालायला गेली. भाऊ मात्र बोलला.

"रोज मटण हाणत होतास तवा कुठं गेलतं तुझं ज्ञान?"

"तवा कळत नव्हतं, आण्णा. त्या बकऱ्यात आणि तुझ्यात एकच जीव हाय."

"एकच हाय न्हवं? मग एक गेला तर काय बिघडलं. दुसरा हाईच की."

विजयसिंहकडं उत्तर होतं, पण ते वर्गातलं होतं. आपल्याकडंही खाणारा आणि घास एकच असं म्हणणारे होऊन गेले, हे त्याला ठाऊक होतं. त्यांना त्यानं प्रबंधात तळटिपेत बसवलं होतं.

रस्ता त्याला सुचला तो राईत. जुगाईचे पुजारी पिराजी गुरव ठाण्यासमोर झाडलोट करत होते. देवीचं बकरं तोडायच्या आधी त्याच्या पाठीवर तीर्थ शिंपडतात. बकऱ्यानं अंग झाडलं की देवीनं घेतलं, बकऱ्यानंही होकार दिला. अंग झाडल्याशिवाय कोयता उचलायचा नाही. विजयसिंहनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण विचार आत्ता केला. त्यानं पिराजींना विचारलं, झाडलंच नाही तर?

"झाडतंयच की," पिराजी म्हणाले. "कानात तांब्याभर पाणी वतल्यावर तुमी झाडणार न्हाय व्हय, सर?"

पाणी कानात ओतायची रीत मूळची का, असं विजयसिंहनं विचारलं. पिराजींनी डोकं खाजवलं. मूळची नव्हे. पाठीवर शिंपडायची तीच मूळची. पण जत्रेत शंभर बकरी, ऊन, रांग, तेव्हा कोण थांबतो? न झाडलेलं बकरं राईत सोडून द्यायचं, असं आजा सांगायचा, पण पिराजींनी तसं कधी बघितलं नव्हतं.

विजयसिंह भावाकडं परतला तो पैज घेऊनच. बकरं मी तोडतो. पण कानात पाणी घालायचं नाही. पाठीवर चार थेंब, आणि आपण बाजूला उभं राहायचं. झाडलं तर एका घावात तोडतो, हूं का चूं करणार नाही. नाही झाडलं तर राईत सोडायचं, नवस फिटला असं धरायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. गणपतराव खाटेवर उठून बसला. मग डावा हात पुढं करून त्यानं धाकट्याच्या हातावर मारला.

विजयसिंहनं हे निव्वळ सुटकेसाठी केलं असं म्हणता येणार नाही. चार थेंबांनी बकरं झाडणार नाही अशी त्याची अटकळ होती, हे खरं. पण निसर्ग बोलतो असं आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला एकदा त्याला समोरासमोर विचारायचं होतं, हेही तितकंच खरं.

जत्रेच्या दिवशी राईखालच्या मोकळ्या रानात पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. सकाळपासून पडलेल्या बकऱ्यांच्या रक्तानं जमीन चिकट झाली होती, माणसांच्या वहाणा तिच्यातून सुटताना चपचप वाजत. धडं एकीकडं पाय झाडत होती, मुंडकी दुसरीकडं ओळीनं मांडलेली, काहींच्या पापण्या अजून हलत होत्या. वर राईतली जुनी झाडं शांत होती आणि माश्यांचा घोंगाट त्यांच्या सावलीपर्यंत जात होता.

तोंडकाळं बकरं शालूबाईनं स्वतः आणलं होतं. नवस बोलल्यापासून तिनं ते या दिवसासाठी राखलं होतं. अंगानं चांगलं भरलेलं. दोरी तिच्याच हातात होती. गणपतराव घोंगड्यावर बसला होता, डोळे तापानं लाल, लोंबता हात कपड्यात गुंडाळलेला. पिराजींनी हळद-कुंकू लावलं, पाठीवर तीर्थ शिंपडलं आणि अटीप्रमाणे मागं सरले. विजयसिंह कोयता घेऊन उभा राहिला.

बकरं उभं राहिलं. पाण्याचे थेंब केसांवरून घसरून पोटाखाली गेले. त्यानं कान हलवला, समोरचा पाला हुंगला आणि रवंथ करू लागलं.

थांबता थांबता मागची रांग कुरकुरायला लागली. ही रांग म्हणजे भाऊबंदच. त्यात सगळ्यात पुढं चुलतभाऊ सयाजी, थोडी घेतलेला, स्वतःचं बकरं पायात धरून. परफेसरचं बकरं पदवी घेतल्याशिवाय झाडत न्हाय, असं तो म्हणाला आणि लोक हसले. मग त्यानं तांब्या उचलला आणि बकऱ्याचा कान धरला. विजयसिंहनं त्याचा हात झटकला. तांब्या उडाला. सयाजीनं शिवी हासडून त्याच्या तोंडावर ठोसा मारला, तसा विजयसिंहचा ओठ फाटून दात रक्तानं माखले. पुढं जे झालं ते त्याच्या कॉलेजातल्या कुणी बघितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. हातात कोयता होता. धार आत वळवून त्यानं कोयत्याची मूठ सयाजीच्या कानशिलावर हाणली, आणि तो खाली गेल्यावर त्याच्या छातीवर गुडघा देऊन पुन्हा हाणली. सयाजीची पोरं काठ्या घेऊन आली. पहिली काठी विजयसिंहच्या पाठीत बसली, दुसरी मानेवर. तिसरी गणपतरावानं घेतली. तो कधी उठला, कधी मधे आला, कुणी बघितलं नाही. काठी त्या गुंडाळलेल्या हातावरच बसली आणि कपड्यातून पू-रक्ताचा लोंढा बाहेर आला. वास आला तशी पोरं आपणहून मागं सरली.

हलगी थांबली होती. सगळ्यांनी बकऱ्याकडं बघितलं. एवढ्या दंग्यातही ते जागचं हललं नव्हतं. पाठ कोरडी झाली होती.

पिराजी गुरव पुढं आले. "देवीनं न्हाय म्हटलं," ते म्हणाले, आणि बकऱ्याच्या गळ्यातली दोरी सोडायला वाकले.

विजयसिंहच्या फाटक्या ओठावर हसू आलं. निसर्ग बोलला होता, आणि त्यानं शिकवलं होतं तेच बोलला होता. त्यानं मोठ्या अपेक्षेनं भावाकडं बघितलं.

गणपतरावाच्या तोंडावरचा रंग उडाला होता. गव्याच्या शिंगावर चढलेला असताना जो माणूस ओरडला नव्हता, तो आता खालचा ओठ दातात धरून थरथरत होता. शालूबाईनं हातातली दोरी खाली टाकली. तिनं हंबरडा फोडला नाही. कपाळावरचं कुंकू तिनं बोटानं चाचपलं, जसं एखादं माणूस निघताना दार लावलंय का ते चाचपतं.

"भावजी," ती म्हणाली, "तिला बकरं नको. तिला हेच पायजेत."

तेव्हा कुठं विजयसिंहच्या ध्यानात आलं. न झाडलेलं बकरं म्हणजे त्याच्या लेखी दया होती, गावाच्या लेखी निकाल. देवी नाही म्हणाली, याचा अर्थ बकरं वाचलं असा नव्हता. बकऱ्याच्या बदल्यात जो मागितला होता तो तिनं द्यायचं नाकारलं, असा होता. पैज लावताना गणपतरावालाही एवढं उमजलं नसेल, आत्ता मात्र त्याच्या डोळ्यांत ते उमजलेलं होतं. असा माणूस टेबलावर झोपणार नव्हता. झोपलाच, तर उठणार नव्हता. आणि हा निकाल विजयसिंहनं स्वतः अटी घालून, स्वतः रांग अडवून, चारचौघांत मिळवला होता.

पिराजींनी दोरीची गाठ सोडलीच होती. विजयसिंहनं दोरी पकडली. उलटा पडलेला तांब्या त्यानं उचलला, तीर्थाच्या घागरीत बुडवला, बकऱ्याची मान गुडघ्यात धरली आणि सगळं पाणी त्याच्या कानात ओतलं.

बकऱ्यानं अंग झाडलं. शेंडीपासून शेपटीपर्यंत झाडलं, विजयसिंहच्या तोंडावर पाणी उडालं.

"झाडलं," कुणीतरी म्हणालं, आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

त्यानं कोयता उचलला. एका घावात म्हणाला होता, पण त्या हातांनी आयुष्यात खडूपेक्षा जड काही चालवलं नव्हतं. पहिला घाव मानेच्या हाडावर बसून सटकला. बकरं माणसासारखं ओरडलं. दुसरा खांद्यात रुतला, कोयता पाय देऊन ओढून काढावा लागला. सयाजी, कानातून रक्त गळत असलेला, पुढं आला आणि काही न बोलता त्यानं बकऱ्याचे मागचे पाय धरले. तिसऱ्या घावाला मान अर्धी सुटली, चौथ्याला खाली पडली. गरम रक्ताची चिळकांडी विजयसिंहच्या छातीवर आली, आणि धड बराच वेळ त्याच्या पायाशी माती उकरत राहिलं. त्याच्या बोटांची मूठ उघडेना, तेव्हा शालूबाईनं एकेक बोट सरळ करून कोयता काढून घेतला.

"जीप सांगा," ती म्हणाली.

कोल्हापूरच्या वाटेवर गणपतराव पुन्हा बायकोच्या मांडीवर होता. ताप चढलेला, पण चेहरा मोकळा. भोगावती नदी ओलांडल्यावर त्यानं डोळे उघडले.

"विज्या. कानात पाणी वतलंस."

"वतलं."

"मग देवी व्हय म्हणाली का तू म्हणालास?"

या दोघांत फरक नाही, असं विजयसिंह किती वर्षं शिकवत आला होता. ते वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलंसुद्धा. पण फाटलेल्या ओठातून ते बाहेर काढायला त्याला लाज वाटली.

"मी म्हणालो, आण्णा."

गणपतरावानं धाकट्याच्या फाटक्या ओठाकडं बघितलं. "तू कधी लबाड बोलला न्हाईस," तो म्हणाला. "तू व्हय म्हणालास तर व्हयच. मग झालं." आणि त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात खांद्यापासून काढला. गणपतराव वाचला, पुढं कितीतरी वर्षं डाव्या हातानं धारा काढत राहिला. शालूबाईनं श्रेय जुगाईला दिलं, डॉक्टरांनी वेळेवर आणल्याला दिलं, आणि विजयसिंहनं यातल्या कुणाशीही वाद घातला नाही.

हात काढला त्याच दुपारी दवाखान्यातल्या मावशी कापडात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं घेऊन बाहेर आल्या. नातेवाईक कोण, म्हणून विचारलं. विजयसिंहनं दोन्ही हात पुढं केले. गाठोडं त्याच्या अपेक्षेपेक्षा जड होतं. कोपराशी ते किंचित वाकलं, तसं त्यानं ते लहान मूल धरावं तसं छातीशी धरलं आणि रिक्षानं पंचगंगेच्या स्मशानात गेला.

तिथल्या माणसानं गाठोड्याकडं बघून विचारलं, "धनी हाईत न्हवं?"

"हाईत."

"मग जाळायचं न्हाय, पावणं. जित्या माणसाचं पुरत्यात. तिकडं नदीच्या अंगाला घ्या, माती मऊ हाय."

कुदळ मागायचं विजयसिंहच्या लक्षात आलं नाही. शर्टावर कालचं रक्त वाळून काळं पडलं होतं. नदीच्या अंगाला तो गुडघ्यांवर बसला आणि बोटांनीच माती उकरू लागला.